मी सांगेन तोच पर्याय

माझी बँकेची पहिली परीक्षा माझ्या मावसभावानं दिली. हॉल तिकिटावर फोटो माझा होता, यंत्रावर अंगठा माझा होता, खुर्चीत बसलेला आंधळाही मीच होतो. पण स्क्रीनवरचा प्रश्न तो मनातल्या मनात वाचायचा, थोडा हसायचा आणि मला म्हणायचा, "हे सोपंय. टाकलं मी."

"अरे, मला वाचून तरी दाखव."

"वेळ जाईल रे. तू बस निवांत."

मी निवांत बसलो नाही. दोनदा त्याचं मनगट धरलं. तिसऱ्यांदा पर्यवेक्षक जवळ आल्याची चाहूल लागली आणि गप्प बसलो. निकाल लागला, नापास. मावसभाऊ हळहळला. तो वैजापूरहून दुकान बंद ठेवून आला होता आणि त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. रायटर म्हणजे डोळस माणसानं आंधळ्याचं ओझं उचलायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. मला मात्र त्या निकालानं सुटल्यासारखं झालं. पास झालो असतो तर ती नोकरी कुणाची, हे मला कधीच सांगता आलं नसतं.

कागदोपत्री त्याला लेखनिक म्हणतात, बोलताना आम्ही सगळे रायटरच म्हणतो. रायटरनं प्रश्न वाचायचा, पर्याय वाचायचे आणि उमेदवार सांगेल तो दाबायचा. त्याच्यापुढं काही नाही. परीक्षेच्या जाहिरातीतला तो भाग मी फोनवर इतक्या वेळा ऐकला होता की फोनमधल्या त्या बाईच्या आवाजासकट पाठ झाला होता. रायटर आपला आपण आणायचा, खर्च आपला. तो त्याच परीक्षेला बसलेला नसावा. एकच माणूस दोन उमेदवारांचा रायटर होऊ शकत नाही. दोघांनी हमीपत्रावर सह्या करायच्या आणि त्यातलं काही खोटं निघालं तर दोघंही बाद.

वाचताना सोपं वाटतं. पण छत्रपती संभाजीनगरात नीट वाचून दाखवील असा, दुपारी मोकळा असलेला आणि स्वतः कुठलीच परीक्षा देत नसलेला माणूस शोधून बघावा. पुंडलिकनगरात मी खोली घेऊन राहत होतो, तिथं गल्लीत तीन अभ्यासिका होत्या. तिन्ही ठिकाणी विचारून आलो. प्रत्येकजण हळहळत म्हणायचा, "तुझ्यासाठी केलं असतं, पण मीच बसतोय ना."

माझी नजर एकदम गेली नाही. शाळेत पहिल्या बाकावर बसलो की फळा दिसायचा. मग फळ्याचा मधला भाग जायला लागला, कडा राहिल्या. बारावीनंतर कडाही गेल्या. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा गेला. वडील वैजापूरच्या मार्केट यार्डात मापाडी होते. कांद्याची गोणी काट्यावर चढली की वजन पुकारायचं काम त्यांचं. लहानपणी मी त्यांच्याजवळ बसून ते आकडे ऐकत असे आणि एका शेतकऱ्याच्या सगळ्या गोण्यांची बेरीज शेवटी तोंडी सांगत असे. आकडे कानानं धरायची सवय तिथली. पुढं बी.ए. झालो तेही कानानंच. म्हणून गणिताची मला भीती नव्हती. प्रश्न माझ्या कानापर्यंत नीट येत नव्हता, अडचण एवढीच होती.

घरमालक वरच्या मजल्यावर राहायचे. त्यांची सून सोयगावकडची, बी.कॉम. झालेली. नवरा वाळूजला कंपनीत, पाळीनं जायचा. मुलगी पहिलीत. मी त्यांना वहिनी म्हणत असे. बोलणं व्हायचं ते नळाला पाणी आलं की टाकी भरली का, एवढ्यापुरतं. एकदा मी खाली फोनवर कुणाला तरी रायटरसाठी विनवत होतो. फोन ठेवला तर जिन्यातून आवाज आला, "भाऊ, मी वाचलं तर चालंल का?"

वरून लगेच त्यांच्या सासूबाई बोलल्या. मी त्यांना काकू म्हणायचो. "वाचायला काय जातंय? पण ओट्यावर बसून वाचा."

म्हणून आम्ही ओट्यावर छोटं टेबल टाकून, त्यावर माझा जुना लॅपटॉप ठेवून बसायला लागलो. दुपारची भांडी झाली की वहिनी खाली यायच्या, मागोमाग काकू सूप घेऊन यायच्या. आमचं इंग्रजी आणि गणित चालायचं, शेजारी तांदळातले खडे निघायचे. पाणी यायच्या दिवशी अभ्यासाला सुट्टी. त्या दिवशी अख्ख्या गल्लीत मोटारी सुरू होत, कुणाचं काही ऐकूच येत नसे.

पहिल्याच दिवशी मी सांगून टाकलं, "वहिनी, मी सांगेन तोच पर्याय दाबायचा. चुकलो तरी तोच."

"आणि मला बरोबर माहीत असलं तर?"

"तरी तोच."

"लई अवघड हाय हे," त्या म्हणाल्या.

अवघड होतंच. वहिनी कधी तोंडानं उत्तर सांगायच्या नाहीत. पण मी चुकीचा पर्याय बोललो की त्यांचा श्वास तेवढ्यापुरता थांबायचा. बरोबर बोललो की माऊस लगेच टक्कन वाजायचा. आठवडाभरात मला ते समजलं आणि माझ्याही नकळत मी त्याचा फायदा घ्यायला लागलो. एक पर्याय बोलायचा, कान द्यायचा, श्वास थांबला की बदलायचा. ज्या दिवशी हे लक्षात आलं त्या दिवशी मी थांबलो.

"वहिनी, तुमचा श्वास मला उत्तरं सांगतोय."

आधी त्या हसल्या. मग त्यांना पटलं. "मग काय करू? श्वास घेऊ नको का?"

"लाइटबिल वाचता ना, तसं वाचा. आपलं नाही, शेजाऱ्याचं आलंय असं समजून."

त्या तसं शिकल्या. आवाज सपाट, पर्यायांमध्ये सारखं अंतर, माऊस दाबायची गतीही सारखी. गोल टेबलाभोवती आठ माणसं बसलीत, कोण कुणाच्या डावीकडं, असे प्रश्न या परीक्षेत हमखास असतात. डोळस पोरं कागदावर गोल काढतात. मी आठ बोटं टेबलावर टेकवायचो आणि एकेका बोटावर एकेक माणूस बसवायचो. वहिनी न कंटाळता तीच ओळ पुन्हा वाचायच्या. एकदा काकूच मधे बोलल्या, "त्यो वकील समोर बसला असंल की!" आणि बरोबर निघालं. तेव्हा मी काकूंनाही नियम सांगितला.

परीक्षेचं केंद्र शहराबाहेर होतं, वाळूजच्या पुढं. रिक्षावाल्यानं मला हात देऊन उतरवलं आणि म्हणाला, "आराम से भाई, पेपर भागके नै जाता." आम्हाला मोठ्यानं वाचावं लागतं म्हणून वेगळ्या खोलीत बसवलं. हमीपत्रं झाली, अंगठे झाले. स्क्रीनवर सूचनांचं पान उघडलं तेव्हा मी म्हणालो, "वेळ किती दाखवतोय ते आधी बघा."

वहिनींनी वाचलं. तो सगळ्यांचा वेळ होता. रायटर घेणाऱ्याला तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, ती त्यात धरलेलीच नव्हती.

मी हात वर केला. पर्यवेक्षक आले. आवाजावरून माझ्याच वयाचे असावेत.

"सर, माझा जादा वेळ यात नाही."

"सगळ्यांना तेवढाच असतो. सुरू करा."

"सगळ्यांना तेवढाच असतो. मला तासाला वीस मिनिटं जादा असतात. जाहिरातीत लिहिलंय."

"झाल्यावर बघू आपण."

"झाल्यावर कॉम्प्युटर आपोआप बंद होतो सर. मग काय बघणार?"

"तुम्ही सुरू तर करा. उगाच तुमचंच नुकसान होईल."

आयुष्यात कुणाशी असं बोललो नव्हतो. केंद्रावर भांडणारा उमेदवार म्हणून बाहेर काढलं तर काय, हे मनात येऊन गेलं. पण एकदा घड्याळ सुरू झालं की ती मिनिटं परत कुणी आणून देणार नव्हतं.

"वहिनी," मी म्हणालो, "माऊसवरचा हात काढा."

त्यांनी हात काढला. खुर्ची थोडी मागं सरकल्याचा आवाजही आला. पर्यवेक्षकांची पावलं बाहेर गेली. बऱ्याच वेळानं केंद्रप्रमुख आले. त्यांनी माझं हॉल तिकीट, दिव्यांग प्रमाणपत्र पुन्हा मागितलं, फोनवर कुणाशी तरी बोलले. "अर्जात भरलंय यांनी, आपल्याकडं चढलं नाही," असं म्हणताना मी ऐकलं. मला दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसवलं. वहिनींनी पुन्हा पान वाचलं आणि म्हणाल्या, "आता बरोबर हाय, भाऊ."

"सर, धन्यवाद," मी म्हणालो. पर्यवेक्षकांनी जाताना खोलीचं दार अलगद लावून घेतलं, बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून.

परत येताना रिक्षात वहिनी म्हणाल्या, "एका ठिकाणी तुमचं चुकलं."

"सांगू नका."

"नाय सांगत. पण तो पर्याय दाबताना हात लई जड झाला माझा."

पूर्व परीक्षा निघाली. मुख्य परीक्षा नाही निघाली. माझं इंग्रजी कमी पडलं. मी एक दिवस झोपून काढला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओट्यावर बसलो.

पुढच्या वर्षी जाहिरात आली. मी ती ऐकून तयारच होतो. वहिनी खाली आल्या तसा म्हणालो, "फॉर्म सुरू झाले. हमीपत्राचा नमुना तोच आहे."

त्या बसल्या, पण लॅपटॉप उघडला नाही. त्या दिवशी काकू खाली आल्या नव्हत्या.

"भाऊ, मला फॉर्म भरायचाय."

"भरू की. माझं प्रमाणपत्र स्कॅन करून ठेवलंय."

"तुमचा नाय. माझा."

मला कळायला वेळ लागला. वहिनी भराभर बोलत होत्या, कितीतरी दिवस मनात घोळवलेलं बोलावं तशा. "तुम्ही बोटांवर माणसं बसवता तवर माझी मनात बसून झालेली असतात. गणितं पण सुटतात. सुरुवातीला वाटलं, ऐकून ऐकून येतंय. आता माहीत हाय, मला येतंय. आणि माझं वय या वर्षी बसतंय. पुढल्या वर्षी नाय बसणार."

त्याच परीक्षेचा उमेदवार रायटर होऊ शकत नाही. त्यांना ते माझ्याइतकंच पाठ होतं. दोन हमीपत्रांवर त्यांनी सह्या केल्या होत्या.

मग माझं काय, हे शब्द माझ्या तोंडात आले होते. ते मी गिळले. "बरं," एवढंच म्हणून आत आलो आणि पंखा लावून पडलो. संध्याकाळी मावसभावाला फोन केला. तो म्हणाला, "त्यात काय? तिचा पेपर वेगळ्या दिवशी असेल. दोघं भरा की. कोण बघतंय?"

"मी बघतोय," मी म्हणालो. अर्थात मी बघत होतो असं म्हणणं विनोदीच होतं. तो हसला, मीही हसलो. पण तो रस्ता माझ्यासाठी बंद होता. पकडले गेलो तर दोघंही बाद, हा भाग निराळा. ज्या जाहिरातीच्या जोरावर मी त्या केंद्रावर हात काढा म्हणालो होतो, तिचीच पुढची ओळ मला गैरसोयीची झाली म्हणून नाही वाचली, असं मला करता येईना.

दोन दिवस मी ती जाहिरात पुन्हा पुन्हा लावून ऐकली. वयाच्या भागाशी आलो की थांबायचो. दिव्यांग उमेदवाराला वयात दहा वर्षांची सवलत असते. म्हणजे माझ्यापुढं अजून कितीतरी परीक्षा होत्या. वहिनींपुढं एक होती. तिसऱ्या दिवशी मी भिंतीला हात लावत जिना चढलो. त्या घरात राहायला आल्यापासून वर जायची ती माझी पहिलीच वेळ.

दार काकूंनी उघडलं.

"काकू, वहिनींचा फॉर्म भरायचाय. शेवटच्या तारखेला साइट चालत नाही, आजच भरू."

"तिचा कशाला?" काकूंना हे नवीन होतं. "तू बस ना परीक्षेला. घरातलं कोण बघंल हिच्यामागं?"

आतून कुकरची शिट्टी झाली आणि वहिनी बाहेर आल्या. "आत्या, सकाळचं सगळं उरकून बसंन मी. पोरीचा डबा, तुमचं औषध, काही राहणार नाय. पण परीक्षा देणार हाय मी."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. ओट्यावर प्रश्न वाचताना असायचा तसाच सपाट आवाज होता तो. काकू म्हणाल्या, "पाणी यायच्या दिवशी मात्र मला एकटीला जमायचं नाय. त्या दिवशी बसू नको अभ्यासाला."

"नाय बसणार," वहिनी म्हणाल्या.

फॉर्म त्याच दिवशी भरला. मला नवी रायटर वहिनींनीच शोधून दिली. मुलीच्या शाळेजवळच्या वसतिगृहातली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. पदवी झालेली नसल्यामुळं ती उमेदवार असण्याचा प्रश्नच नव्हता. पहिला आठवडा वहिनी तिच्या शेजारी बसल्या. "ते चूक बोलले तर श्वास धरू नको," तिला सांगताना मी ऐकलं, "त्यांना सगळं ऐकू येतं. आणि आकडे एकदम नको वाचू. दोन-दोन करून वाच."

मग ओट्यावर दोन उमेदवार आणि एक रायटर असा अभ्यास सुरू झाला. शेकडेवारीची गणितं कागद न घेता कशी करायची ते मी वहिनींना शिकवलं. त्या मला इंग्रजी उतारे वाचून दाखवायच्या आणि अडलेला शब्द तिथल्या तिथं समजावायच्या. कधी आमचं उत्तर वेगळं यायचं आणि आम्ही दोघं हट्टानं भांडायचो. ती विद्यार्थिनी बिचारी माऊसवर हात ठेवून वाट बघायची. आता वहिनींना श्वास दाबायची गरज नव्हती. माझं चुकलं की त्या सरळ म्हणायच्या, "चूक!" आणि ते म्हणताना त्यांना केवढं बरं वाटायचं.

त्या वर्षी पूर्व परीक्षा आमची दोघांचीही निघाली. मुख्य परीक्षेचा निकाल लागला तेव्हा वहिनी मोबाइल घेऊन खाली आल्या आणि त्यांनी आधी माझा नंबर टाकला.

"भाऊ," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. त्या थांबण्यातच मला कळलं.

"वाचा. लाइटबिलासारखं."

"नाय झालं तुमचं."

"तुमचं?"

"बघितलं नाय अजून."

"मग बघा की."

बोटं स्क्रीनवर वाजली. मग वहिनी ओट्यावरून उठून, चपला न घालता, जिन्यानं वर पळत गेल्या. थोड्या वेळानं वरून काकूंचा रडण्याचा आणि हसण्याचा मिसळलेला आवाज आला. मी तसाच बसून राहिलो. माझं पुन्हा हुकलं होतं, आणि तरी मी हसत होतो; कुणी बघितलं असतं तर त्याला काय ते कळलं नसतं. काकू खाली आल्या, माझ्या तोंडात साखर कोंबली आणि डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "तुझं बी व्हईल." मी म्हणालो, "होणारच आहे, काकू."

वहिनींना नोकरी लागली ती दुसऱ्या जिल्ह्यात. नवरा वाळूजची पाळी सोडू शकत नव्हता. मुलीला कोण सांभाळणार यावर घरात दोन दिवस चर्चा झाली आणि शेवटी ज्यांनी पहिल्यांदा नको म्हटलं होतं त्या काकूच सूप, खलबत्ता आणि नातीला घेऊन सुनेबरोबर गेल्या. वरचा मजला शांत झाला. वहिनींचा नवरा आणि सासरे डबा मागवायला लागले. मी आणि ती विद्यार्थिनी ओट्यावर बसत राहिलो. रात्री वहिनींचा फोन यायचा, दिवसभराचा शीण आवाजात असायचा, तरी त्या विचारायच्या, "आज किती उतारे झाले?" मी खोटं सांगितलं तर त्यांना कळायचं.

पुढच्या वर्षी माझं झालं. सांगण्यासारखं त्यात फार काही नाही. केंद्रावर वेळ बरोबर होता, विद्यार्थिनीनं न अडखळता वाचलं, आणि निकालाच्या दिवशी वडिलांना फोन केला तेव्हा यार्डात लिलाव चालू होता. मी सांगितलेलं त्यांना ऐकू गेलं नाही. तीनदा ओरडून सांगावं लागलं. मग त्यांनी ते मापाच्या आवाजात सगळ्या यार्डाला पुकारून सांगितलं.

शाखा जालना जिल्ह्यात मिळाली. पहिल्या दिवशी व्यवस्थापक मला घ्यायला दारापर्यंत आले. माणूस भला होता. त्यांनी चहा मागवला, माझ्या गावाची चौकशी केली आणि म्हणाले, "तुम्ही काही काळजी करू नका. हळूहळू बघू काय काम देता येईल ते. तुमची खुर्ची खिडकीपाशी टाकतो, हवा येते तिथं."

"साहेब," मी म्हणालो, "खुर्ची कॉम्प्युटरपाशी टाका. स्क्रीन बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर लागेल, त्याचा अर्ज मी लिहून आणलाय. ते येईपर्यंत फोनवरच्या चौकशा माझ्याकडं द्या."

त्यांनी शिपायाला हाक मारली आणि खुर्ची उचलल्याचा आवाज आला. दुपारपर्यंत मी चौकशीच्या फोनवर बसलो होतो. पहिला फोन एका पेन्शनवाल्या बाईंचा होता. हयातीचा दाखला कुठं द्यायचा, हे त्यांना विचारायचं होतं. त्यांनी तोच प्रश्न चार वेळा विचारला आणि मी चारही वेळा सांगितलं.